बेस्टसेलर ठरवतं कोण?

संपादकसाहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही आजच्या बेस्टसेलर कादंबऱ्यांची दहा नावांची यादी छापलीत. दहात सात इंग्रजी, दोन त्यांचीच मराठी भाषांतरं, आणि अस्सल मराठी एकच, ती पण 'मृत्युंजय', 1967 सालची! मृत्युंजयवर माझा राग नाही हं, आमच्याकडे रिटायरमेंटला, साठीला सगळे तेच गिफ्ट देतात, घरात तीन कॉपी आहेत आणि एकसुद्धा आम्ही विकत घेतलेली नाही. पण यादी कुठल्या दुकानातून आणली, किती प्रती खपल्या, खाली एक ओळ तरी टाका ना. मराठीत 'पाचवी आवृत्ती' छापलं की आपण खूश, ती आवृत्ती हजाराची का पाचशेची ते कोणी सांगत नाही.

इंग्रजीवाल्यांना मी नावं ठेवत नाही. चेतन भगतची पहिली कादंबरी 2004 ला आली ती 95 रुपयांत, कॉलेजच्या पोराच्या खिशाला परवडेल अशी. अमीशच्या 'मेलुहा'ला प्रकाशक नाही म्हणत होते, 2010 ला त्याने पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांतून फुकट वाटलं. दोघे पण आयआयएमचे, दोघे पण बँकेतले, माल कसा खपवायचा ते कळत होतं त्यांना, आणि माझा मुलगा जो शाळेच्या पुस्तकाशिवाय कशाला हात लावत नव्हता तो मेलुहामुळेच वाचायला लागला, मग मी कशाला बोलू.

पण आमचे कोंकणी कादंबरीकार दामोदर (भाई) मावजो तर गोव्यातल्या माजोर्ड्यात स्वतः दुकान चालवायचे, त्यांना विकणं काय शिकवणार? त्यांची 'कार्मेलीन' 1981 ची, कुवेतला आया म्हणून गेलेल्या आपल्याच गोव्यातल्या बाईची गोष्ट, 1983 ला साहित्य अकादमी मिळाली. त्यांना ज्ञानपीठ मिळाल्याची बातमी आली तेव्हा मी पणजीत एका मोठ्या दुकानात मुद्दाम गेले, तर काउंटरवरचा पोरगा कॉम्प्युटरात बघून म्हणतो, "मॅडम स्टॉक नाही, ते मूव्ह होत नाही." अरे बाबा, ठेवलंच नाही तर मूव्ह कसं होणार? आणि दारातच इंग्रजी थ्रिलरची ही एवढी थप्पी, वर बेस्टसेलरची पाटी, पुस्तकांचं प्लास्टिक पण निघालं नव्हतं. खोकं उघडल्या उघडल्या बेस्टसेलर!

आमच्या गावच्या वाचनालयात या एकदा. विश्वास पाटलांचं 'पानिपत' बघा, 1988 चं. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्क्याला जागा उरली नाही म्हणून बाईंनी खाली दुसरी पट्टी चिकटवली, ती पण भरत आली. मधलं एक पान फाटून गेलंय, तर कोणीतरी वहीच्या कागदावर अख्खं पान हाताने उतरवून आत ठेवलंय, निळ्या शाईत, अक्षर शाळामास्तरचं वाटतं. हे पुस्तक तुमच्या यादीत कुठून येणार, दुकानात त्याचं बिलच फाटत नाही.

देशातली सगळ्यात जुनी पब्लिक लायब्ररी आपल्याकडे, 1832 ची, असं आपण पाहुण्यांना सांगत असतो. तर एक वार्ताहर पणजीत पाटोला त्याच सेंट्रल लायब्ररीत पाठवा, दोन-तीन तालुक्यांच्या वाचनालयांत पण पाठवा, वर्षभरात कुठली कादंबरी किती वेळा घरी गेली ते विचारा आणि दुकानाच्या यादीशेजारी छापा. दहा नावं नाही भरली तर सातच छापा.

– एक जुनी वाचक, फोंडा