शैवाकांतील औषधी संयुगे

महोदय,

गोड्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे शैवाक; शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. उस्निया या शैवाकातले पिवळे उस्निक आम्ल रसायनशास्त्रज्ञांना १८४४ पासून ठाऊक आहे. ते स्टॅफिलोकोकससारख्या जिवाणूंना रोखते. प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींनाही. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि यकृताला अपाय करते. ते घातलेल्या वजन घटवण्याच्या एका उत्पादनाविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये इशारा दिला होता. त्यामुळे ‘नैसर्गिक आहे, चालेल’ म्हणून कुणी काढे पिऊ नयेत, ही कळकळीची विनंती.

हे दोष घालवण्यासाठी संशोधक उस्निक आम्लाच्या मूळ रेणूचा सांगाडा तसाच ठेवून त्याला वेगवेगळी अमाइने (नायट्रोजनयुक्त संयुगे) जोडतात आणि विद्राव्यता वाढली का, विषारीपणा घटला का, हे एकेक करून तपासतात. जुनी प्रतिजैविके निकामी होत असताना हे चिकाटीचे काम मला फार मोलाचे वाटते.

पुण्याच्या आघारकर संस्थेत शैवाकांचा अभ्यास होतो, कर्करोग संशोधनाचे ॲक्ट्रेक हे केंद्र खारघरला आहे. ठाणे, नवी मुंबईतल्या महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी त्यांच्याशी जोडून घ्यावे, एमएस्सीच्या मुलांना असे प्रकल्प द्यावेत. नमुन्यांसाठी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातली झाडे मात्र खरवडू नयेत. अनेक शैवाके वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, आणि ते जंगल राष्ट्रीय उद्यानाचे आहे. शुद्ध उस्निक आम्ल विकत मिळते.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे