आयएनआरची सोय तालुक्यात का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या वहिनीच्या हृदयात धातूचा व्हॉल्व्ह आहे. लहानपणी रुमॅटिक ताप आला होता त्यात मायट्रल व्हॉल्व्ह खराब झाला, मग ऑपरेशन, आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची असिट्रॉमची गोळी, ती जन्मभर. आमच्याकडं असे पेशंट गावोगाव आहेत. ऑपरेशन सरकारी योजनेतून होऊन जातं, पण पुढचं कुणी बघत नाही, म्हणून हे पत्र.

या गोळीचा डोस कायमचा ठरलेला नसतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी आयएनआर नावाची रक्ताची तपासणी करून तो कमी-जास्त करावा लागतो. नॉर्मल माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो, मायट्रलला धातूचा व्हॉल्व्ह असेल तर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगतात. खाली गेला की व्हॉल्व्हवर गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की पॅरालिसिस, वर गेला की हिरड्यातून, लघवीतून रक्त, काळी शौचाला, नाहीतर थेट मेंदूत रक्तस्राव. आकडा स्थिर असला तरी निदान महिन्याला तपासायचा, पण आमच्या तालुक्यात रक्त घेऊन जिल्ह्याला पाठवतात, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, त्यात रोजगार बुडतो, म्हणून लोक तीन-तीन महिने जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या नेतात आणि मेडिकलवालाही देतो.

मधल्या काळात काय काय होतं बघा. वहिनीचे गुडघे दुखत होते, तर एका दुकानातून पेनकिलर दिली, चौथ्या दिवशी हिरड्यातून रक्त थांबेना. जुलाबावर लोक सर्रास मेट्रोनिडाझोल विकत घेतात, त्यानं आयएनआर वर जातो. टीबीची रिफॅम्पिसिन चालू झाली की उलट खाली येतो, म्हणजे टीबीचा कोर्स सुरू करताना आणि संपताना दोन्ही वेळा डोस बघायला पाहिजे, हे किती जणांना सांगितलं जातं? पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळं गोळीचा असर कमी होतो म्हणून ती बंदच करा असं जो तो सांगतो, तेही बरोबर नाही. मेथी, पालक, शेपू खायचं, फक्त रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं, महिनाभर काही नाही आणि श्रावणात एकदम रोज असं नको. आणि दात काढायचाय म्हणून मनानं गोळी बंद करणारे तर मी स्वतः पाहिलेत, ते फार धोक्याचं आहे, आधी हार्टच्या डॉक्टरांना विचाराच.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की नवीन गोळ्या आल्यात, तपासणीची कटकटच नाही. हृदयाचे ठोके अनियमित आहेत पण व्हॉल्व्ह चांगले आहेत अशांना त्या खरंच चांगल्या आहेत (तरी किडनी तपासत राहावं लागतं, आणि त्यातल्या रिव्हारोक्साबॅनची १५-२० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची, उपवासाला हे विसरू नये). पण धातूच्या व्हॉल्व्हवर त्यातलीच डॅबिगॅट्रान नावाची गोळी वापरून पाहिली तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, तो अभ्यास मधेच थांबवावा लागला, २०१३ मध्ये छापून आलंय. रुमॅटिक तापाने हृदय खराब होऊन ठोके बिघडलेल्यांवर रिव्हारोक्साबॅनचा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यातही जुनीच गोळी सरस ठरली. म्हणजे आमच्यासारख्यांची आयएनआरपासून सुटका नाही, कृपया कुणी परस्पर गोळी बदलू नका.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन काही मिनिटांत आयएनआर सांगणारं मशीन मिळतं, शुगरच्या मशीनसारखंच. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठेवा, आठवड्यातला एक वार ठरवा, पेशंटला एक वही द्या ज्यात तारीख, आयएनआर आणि डोस लिहिलेला असेल. लाखोंचं ऑपरेशन फुकट करून देणाऱ्या सरकारला एवढं जड नाही. आणि ते होईपर्यंत मेडिकलवाल्यांनी या गोळीची स्ट्रिप देताना शेवटचा आयएनआर कधी केला एवढं तरी विचारावं, आणि गोळी किती मिलिग्रॅमची, १ ची आहे का २ ची, ३ ची का ४ ची, ते वाचून दाखवूनच हातात द्यावी.

आपला,
एक वाचक, जि. सांगली