लायसन मिळालं आणि त्याच आठवड्यात लोणावळा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला होतो. नातू सतराचा, नुकतंच प्रोबेशनरी लायसन मिळालेलं. म्हटलं चल, ओक ट्री रोडवरून मेथी घेऊन येऊ, तर पठ्ठ्या म्हणतो आजी नाहीतर आजोबा, एका वेळी एकच. मला वाटलं चेष्टा करतोय, पण तिथला नियमच तो, आईवडील किंवा पालक गाडीत नसतील तर सोबत एकच माणूस, रात्री ११ ते पहाटे ५ गाडी काढायची नाही, मोबाईल हँड्सफ्रीसुद्धा नाही. वर नंबरप्लेटला पुढे-मागे छोटा लाल स्टिकर, म्हणजे पोलिसाला लांबून कळतं. असं किमान वर्षभर काढायचं, मग पूर्ण लायसन. शेवटी ही गेली मेथीला आणि मी घरी चहा पीत बसलो.

आता आपल्याकडे बघा. लर्निंग लायसन काढून ३० दिवस झाले की टेस्ट, पास झालात की एल बोर्ड काढून टाकायचा, संपलं. त्याच रात्री पाच जण कोंबून एक्सप्रेसवेला गेलात तरी कायद्यात बसतं. आमच्या सोसायटीतला एक मुलगा असाच गेला, लायसन येऊन आठवडा नव्हता झाला, रात्री १ वाजता, चहा प्यायला म्हणे लोणावळ्याला! मला झोप नसते, मी गॅलरीतून बघत होतो, चावी वडिलांनीच दिली होती.

कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला पोर्शे गाडीखाली दोघं गेले तेव्हा सगळे अल्पवयीन अल्पवयीन करत होते, ते बरोबरच आहे, चालवणारा १७ चा होता आणि २०१९ पासून अशा केसमध्ये पालकांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड कायद्यात आहेच. पण अठरा पूर्ण झाले की दुसऱ्या दिवशी त्याच पोराला काय एकदम अक्कल येते का? त्याबद्दल कुणी बोलतच नाही. न्यूझीलंडने हे टप्प्याटप्प्याचं, म्हणजे आधी बंधनांचं आणि मग पूर्ण लायसन १९८७ लाच आणलं, आपल्याकडेही ते यायला हवं.

माझ्या मते रात्रीपेक्षा मित्रांचं बंधन जास्त महत्त्वाचं. पोरगं एकटं असलं की नीट चालवतं, मागे तिघं बसून अरे दाब ना, काढ ना पुढे म्हणायला लागले की पाय आपोआप जड होतो, आम्ही पण स्कूटरवर तेच केलंय. आणि रात्रपाळीवाल्यांचं काय म्हणाल तर न्यू जर्सीत कामासाठी वेळेची सूट मिळते, कागद जवळ ठेवायचा.

इथे तपासणार कोण, हा प्रश्न आहेच. पण ट्रिपल सीट धरायला पोलीस चौकात उभे असतातच की, लाल स्टिकरची गाडी अडवून आतली डोकी मोजायला किती वेळ लागतो. पोरं चिडतील, आमचा नातूही चिडायचा, मित्राच्या पार्टीतून साडेदहाला उठून यायचा आणि तोंड पाडून सोफ्यावर बसायचा.

एक आजोबा, कोथरूड, पुणे