क्लार्क काका, तुम्ही कागद मागितले म्हणून

काका, रामराम. फौजेची डिसॅबिलिटी पेन्शन चालू झाली, अरियर्स म्हणजे मागची थकबाकी पण जमा झाली हे फोनवर सांगितलंच, पण तुम्ही "बरं झालं, बीपीची गोळी टायमावर घेत जा" म्हणून फोन ठेवला आणि माझं बोलायचं राहूनच गेलं. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे फौजेतून सुटताना तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी, माझ्या बीपीची ३० टक्के डिसॅबिलिटी धरली, तीही आयुष्यभरासाठी, आणि खाली लिहून टाकलं की आजार नोकरीमुळं झाला नाही न् नोकरीनं वाढला पण नाही, कारण काय तर बीपी निघालं तेव्हा मी पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी होतो. त्याच्या आधी बर्फात काढलेली वर्षं कुणी धरलीच नाहीत. क्लेम रिजेक्ट. गावात लोक म्हणायचे धडधाकट तर दिसतोस, कशाची पेन्शन? लई लागायचं ते.

सल्ले सगळेच देत होते, कागद फक्त तुम्ही मागितले. माहिती अधिकारात बोर्डाची सगळी प्रोसीडिंग काढायला लावली, ओसरीवर बसवून एकेक पान माझ्याकडून वाचून घेतलं. भरतीचं मेडिकल पुढं ठेवून म्हणलात, तुला फिट म्हणून घेतलंय, आजार नोकरीमुळं नाही हे आता त्यांनी सिद्ध करायचं, तू नाही. २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल हेच सांगतो, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसली तर तो नोकरीतच लागला असं धरायचं, आणि बोर्डाला नाही म्हणायचं तर कारण लिहावं लागतं. माझ्या कागदावर कारण म्हणून फक्त एक ओळ होती, तिच्यावर तुम्ही लाल पेननं रेघ मारली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपली केस खरी आहे.

पहिलं अपील गेलं, दुसरं पण गेलं. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल म्हणजे फौजींच्या केसेसचं कोर्ट, त्याच्या मुंबई बेंचपुढं जायचं ठरलं तर वकिलाला द्यायची फाईल तुम्हीच तारखेवार लावून दिली. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालानं ५० टक्क्याच्या खालची डिसॅबिलिटी ५० टक्के धरतात, ती मागणी पण तुम्हीच आठवणीनं घालायला लावली. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे मला ५० धरून १५ टक्के, त्यात पोरीच्या लातूरच्या क्लासची फी निघते काका. आणि तुम्ही झेरॉक्सचे पैसे सुद्धा घेतले नाहीत.

ज्यांचा क्लेम रिजेक्ट झालाय त्यांनी लेटर ट्रंकेत टाकून ठेवू नका, कोर्टात उशिरा गेलं तर अरियर्स बहुतेक मागच्या तीनच वर्षांचं देतात.

काका, यंदा येळवसला (वेळ अमावस्येला) काकूंना घेऊन आमच्या शेतात यायचंच, भज्जी आंबील तयार ठेवतो. शेजारच्या गावचा फौजेतला एक नायक पण येणार आहे, त्याचा पण क्लेम रिजेक्ट झालाय. त्याला सगळे कागद घेऊन यायला सांगितलंय.