फसली नाहीस तू

डोंबिवली, रविवार

चि. मनू,

तुझा परवाचा मेसेज मी दोनदा वाचला. प्रदर्शनात कोपऱ्यातल्या टेबलावरून अडीचशे रुपयांचा कवितासंग्रह घेतलास, प्रकाशनाचं नाव कधी ऐकलेलं नाही, चार कविता वाचल्यास आणि एकही कळली नाही. ‘आई, मी फसले का गं?’ असं विचारलंस. फोनवर ‘नाही गं’ म्हणून मोकळी झाले असते, पण मला याचं उत्तर नीट द्यायचंय, म्हणून कागद घेतला.

न कळण्याची लाज आधी काढून टाक. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. मुंबईवर इतकं लिहिलेला माणूस, पण त्यांनाही त्या कवितांतले कितीतरी शब्द अडले. त्यांनी ते सरळ कवीलाच विचारले, आणि विचारले हे प्रस्तावनेत सांगूनही टाकलं. आपल्याच भाषेतला एक अख्खा मुलूख आपल्याला ठाऊक नाही, हे एवढ्या मोठ्या लेखकाने छापून कबूल केलं, याचं मला आजही फार कौतुक वाटतं. तुझी आजी रोज सकाळी ज्ञानेश्वरी वाचायची. प्रत्येक ओवीचा अर्थ तिला लागायचाच असं नाही, पण म्हणून तिने पोथी मिटली नाही. आवाज कानात बसला की अर्थ मागून येतो, असं म्हणायची. तुझ्या त्या कविता तू बसमध्ये मोबाइल बघत मनातल्या मनात वाचल्यास, हो ना? खोलीचं दार लावून मोठ्यांदा वाच एकदा.

आता त्या टेबलाबद्दल. मराठीत ज्याने भाषा हलवली त्यातलं किती काय अशाच टेबलांवरून आलंय! १९५५ च्या सुमाराला मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ नावाचं नियतकालिक काढलं, सायक्लोस्टाइल केलेलं, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढलेलं. चित्रे तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, तुझ्या मामेभावाएवढे. पुढे साठीच्या दशकात लघुअनियतकालिकांची रांग लागली. ‘अनियतकालिक’ हा शब्दच बघ किती खरा आहे, पैसे जमले की अंक निघणार. पगारातून वर्गणी काढायची, रात्री मुद्रितं तपासायची, गठ्ठे खांद्यावर घेऊन लोकलने पोचवायचे. नव्वदीत हेमंत दिवटेंनी ‘अभिधा’ आणि मग ‘अभिधानंतर’ चालवलं, तेव्हाही फार काही बदललं नव्हतं.

पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते अशोक शहाणे यांचं ‘प्रास प्रकाशन’. त्यांनी १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ छापलं. त्यानंतर कोलटकरांचं नवं मराठी पुस्तक आलं ते थेट २००३ मध्ये, सव्वीस वर्षांनी! मनू, ताळेबंद बघणाऱ्या कुठल्या प्रकाशनाने एका कवीसाठी इतकी वर्षं धीर धरला असता? कवी आपल्या गतीने लिहीत राहिला आणि प्रकाशक थांबला. मग ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ एकामागून एक आली. सप्टेंबर २००४ मध्ये कोलटकर गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी मिळाला तो २००५ मध्ये.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तुझ्या जन्माच्या आधी आम्ही चार मैत्रिणींनी मिळून आमच्या पाचव्या मैत्रिणीच्या कवितांचं पुस्तक काढलं होतं. पाच फॉर्म्यांचं, म्हणजे ऐंशी पानांचं, तीनशे प्रती. बांगडी विकली वगैरे काही नाही, भिशीचे पैसे घातले. एका दुकानात पंचवीस प्रती ठेवायला दिल्या. आठ महिन्यांनी चौकशीला गेले तर गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. मी तो गठ्ठा उचलून स्टेशनपर्यंत चालत आले आणि बाकावर बसून रडले. पुस्तक वाईट आहे असं कोणी म्हणालं असतं तर सोसलं असतं. कोणी उघडलंच नव्हतं. त्यातली एक प्रत पुढे धुळ्याच्या एका शिक्षिकेच्या हाती लागली, त्यांनी सहा पानी पत्र लिहिलं. माझी ती मैत्रीण त्या एका पत्राच्या बळावर दहा वर्षं लिहीत राहिली.

म्हणून सांगते, असं पुस्तक घेतलंस की तुझं काम तिथे संपत नाही. त्याच्यामागे जाहिरात नाही, वितरक नाही, परीक्षणाची हमी नाही. आवडलं तर दुसरी प्रत घे आणि जिला खरंच वाचता येईल अशा एकीला दे. वाचनालयाच्या सूचनावहीत पुस्तकाचं आणि प्रकाशनाचं नाव लिही, महिन्याने जाऊन आलं का ते विचार. कवीला चार ओळी पाठव, कुठली कविता, कुठल्या ओळीपाशी थांबलीस ते. नुसतं ‘छान’ लिहू नकोस, त्याने कोणाचंच पोट भरत नाही. आणि नाहीच भिडलं, तर भिडलं नाही म्हण. प्रयोग आहे म्हणून चांगलं, असं मी मानत नाही. नुसती ओळ तोडून, विरामचिन्हं काढून कविता नवी होत नाही. पण हे ठरवायला तीन वाचनं तरी हवीत, चार कवितांवर निकाल देऊ नकोस.

या पत्राबरोबर माझी ‘भिजकी वही’ पाठवतेय. जाडजूड आहे, घाबरू नकोस. हिपेशिया, कसांड्रा, राबिया, नादेझ्दा, कुठल्या कुठल्या काळातल्या, देशांतल्या बायकांची दुःखं त्यात आहेत, आपल्या रोजच्या मराठीत. मी ती दुपारी स्वयंपाकघरात वाचायचे, तेव्हा काही पानांवर हळदीची बोटं आहेत. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, तुझ्या वेगळ्या कर.

दिवाळीला येशील तेव्हा तुझं ते अडीचशे रुपयांचं पुस्तक घेऊन ये. बाबांना फराळाचं बघू दे, आपण गच्चीत बसू. तू वाच, मी ऐकते.

तुझी,
आई