बाई, तुम्ही साखरेचं विचारलंत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र शाळेत येऊन हातात देता आलं असतं. पण मग ते तुमच्या कपाटात पडून राहिलं असतं, आणि ज्यांनी वाचायला हवं त्यांच्यापर्यंत पोचलंच नसतं. म्हणून उघडच लिहितोय.

आमच्या आत्याकडे तिच्या 1947 च्या आठवणी ऐकायला तुम्ही यायच्या आधीही माणसं येऊन गेली होती. 2022 साली, अमृतमहोत्सवाच्या धामधुमीत, कॅमेरे घेऊन एक टोळकं आलं. आत्या ओटीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. त्यांनी आधी तिच्या पुढचं सूप उचललं, मग तिला ठेवणीतलं लुगडं नेसायला लावलं, हातात कागदी झेंडा दिला आणि विचारलं, "आजी, पंधरा ऑगस्टला तुम्हाला काय वाटलं?"

आत्या नेहमी जिथून सुरू करते तिथूनच सुरू झाली. "धोंड्याचा महिना होता. आयनं अनरशाचे तांदूळ भिजत घातले होते..." त्यातला एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "थोड्या गोंधळल्यात." हळूच म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतक्या हळू. मग त्यांनी तिला झेंडावंदनाकडे वळवली. शाळेत साखर वाटली, असं ती म्हणाली मात्र, कॅमेरा बंद! पुढे जे चित्रफितीत आलं ते अर्ध्या मिनिटाचं होतं. मागे बासरी, खाली अक्षरं: 'स्वातंत्र्याची गोड आठवण'. आत्यानं मोबाईलमध्ये ते पाहिलं आणि विचारलं, "एवढाच?"

त्यानंतर ती त्या विषयावर कोणाशी बोलेना.

तुम्ही आलात मुलांच्या हस्तलिखितासाठी. तुम्ही घाटावरच्या, इथल्या कुठल्याच गोष्टी तुम्हाला ऐकून ऐकून शिळ्या झालेल्या नव्हत्या. तुम्ही खुर्ची नाकारून तिच्यासमोर जमिनीवर बसलात, सूप जागेवर राहू दिलंत. आत्या सावधपणे बोलत होती. तेव्हा घासलेटला रांग लागायची, नाही मिळालं की उंडीचं तेल जाळायचं, कंट्रोलचं कापड अंगाला बोचायचं, भोकाचे पैसे पोरी दोऱ्यात ओवायच्या. मग शाळेतलं झेंडावंदन आलं, साखर आली. आणि आत्या थांबली. तिच्या मते इथे गोष्ट संपत होती, कारण मागच्या वेळी ती इथेच संपवली गेली होती.

तुम्ही म्हणालात, "मग ती साखर खाल्लीत का तुम्ही?"

बाई, एवढ्याशा प्रश्नासाठी मी हे पत्र लिहितोय. आत्याचे हात सुपात थांबले. बराच वेळ ती तांदळाकडेच बघत होती. तुम्ही दुसरा प्रश्न विचारला नाहीत, मुलांनाही डोळ्यांनी गप्प केलंत. मग ती म्हणाली, "नाय गो बाय. कशी खाणार?"

आमचे मोठे काका 'रामदास' बोटीत गेले, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून माहीत आहे. इथल्या किनाऱ्यावर ज्याच्या घरातलं कोणी त्या बोटीवर नव्हतं, त्याच्या शेजाऱ्याचं तरी होतं. 17 जुलै 1947, गुरुवार. अवसेला घरी पोचायचं म्हणून चाकरमानी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाले आणि बोट वाटेतच काशाच्या खडपाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी जमतील तितकी पाण्यातून ओढून काढली. त्यांत काका नव्हते.

पण साखरेचं आम्हालाही माहीत नव्हतं. आत्याच्या थोरल्या बहिणीचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, जावयाचा पहिला धोंडा. साखर रेशनवर, गावात मिळायची मारामार. काकांनी गिरणगावातल्या खोलीवर स्वतः बिनसाखरेचा चहा पिऊन आपल्या कार्डावरची साखर साठवली आणि पोस्टकार्ड टाकलं: साखर घेऊन येतो, तांदूळ भिजत घाला. घरात तांदूळ भिजत पडले होते. बातमी आली त्यानंतर कोणी पाणी बदललं नाही. आत्याला आठवतो तो त्या आंबलेल्या तांदळाचा वास, ओटीपर्यंत येणारा. पुढे आजीनं घरात साखर येऊ दिली नाही.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता तेव्हा शाळेत साखर वाटली. बारा वर्षांची पोर ती मुठीत धरून पावसातून घरी निघाली. खाववेना, टाकवेना, घरात नेता येईना. दारात येऊन मूठ उघडली तर हात नुसता चिकट.

हे सगळं त्या अर्ध्या मिनिटाच्या पलीकडे होतं. विचारायला पैसे पडत नव्हते.

तुम्ही पुढच्या वेळी आलात ते कुठूनशी जुन्या पंचांगाची प्रत घेऊन. 15 ऑगस्ट 1947, शुक्रवार, अधिक श्रावण वद्य चतुर्दशी. तुम्ही त्या ओळीवर तिचं बोट ठेवलंत आणि मुलांना म्हणालात, "बघा, आजींना तिथीसकट आठवतंय." आत्या चौथीपर्यंत शिकलेली. तिनं ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या कॅमेऱ्यावाल्याला धाड." खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

मोठे समारंभ करणारी माणसं वाईट असतात असं नाही. पण त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं, समोरच्यानं ते फक्त म्हणून दाखवायचं. मुरूडला आत्याची मावशी होती. त्या दिवशी तिथे अजून नवाबाचं संस्थान होतं, ते विलीन झालं 1948 मध्ये. तिला कोणी पंधरा ऑगस्टचा आनंद विचारला असता तर ती बापडी काय सांगणार होती? असं म्हातारं माणूस गावोगाव एखाददुसरंच उरलंय आता. त्याच्यासमोर मांडी घालून बसायला फार मोठं शिक्षण लागत नाही, थोडी माणुसकी आणि सवड पुरते. तुमच्या नोकरीत सवड किती असते ते आम्हाला दिसतं. एका हातानं शाळा, दुसऱ्या हातानं सरकारी माहितीचे तक्ते. त्यातून तुम्ही आलात, पुन्हा आलात.

हस्तलिखितात आत्याचं बोलणं तुम्ही तिच्याच भाषेत ठेवलंत, 'नाय गो बाय'सकट, त्याबद्दल वेगळे आभार.

आत्याचा निरोप आहे: उधाणाला खारीचा बांध फुटला होता त्या वर्षाचं सांगायचं राहिलंय, आणि या खेपेला वही जाड आणा. सुट्टीत गावी जायच्या आधी या. आमसुलं वाळून तयार आहेत, तुमच्या आईसाठी बांधून ठेवली आहेत.

आपला,
आत्याचा भाचा