'ड' कमी म्हणून दिवस राहत नाहीत?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कोपरखैरण्याला माझ्या भाचीच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयावर प्रत्येक रविवारी लाल पेनाने गोल केलेला असे. तो पावडरचा दिवस. रक्तात ड जीवनसत्त्व 11 म्हणजे कमी निघाले, म्हणून डॉक्टरांनी 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी 8 आठवडे दिली होती. पण घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकले : ही उन्हात जात नाही, म्हणून दिवस राहत नाहीत. 8 आठवडे संपले तरी मेडिकलमधून पुड्या येतच राहिल्या. पुन्हा रक्त तपासले नाही, दुसरी कुठली तपासणीही नाही. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहते आणि फार वाढले तर रक्तातले कॅल्शियम वाढवते, हे कोणी तिला सांगितलेच नव्हते.

असे आठ महिने गेले. मग कुठे नवऱ्याची वीर्यतपासणी झाली आणि शुक्रजंतू कमी निघाले. भाची आज 36 वर्षांची आहे. ते आठ महिने माझ्या मनातून जात नाहीत.

ड जीवनसत्त्वाचा गर्भधारणेशी काही संबंधच नाही, असे मी म्हणत नाही. बीजकोशात आणि गर्भाशयाच्या अस्तरात त्याचे ग्राही, म्हणजे त्याला प्रतिसाद देणारे पेशींतले रेणू, असतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत, ज्यांचे ड पुरेसे त्यांना यश जास्त, असेही दिसले आहे. पण ते बाहेरून दिल्याने यश वाढते का, हे पाहायला इटलीत 630 स्त्रियांची चाचणी झाली. काहींना एकदम 6 लाख युनिट दिले, काहींना औषध नसलेला डोस. दिवस राहण्यात फरक पडला नाही. चीनमध्ये पीसीओएस (बीजकोशांचा आणि हार्मोन्सचा विकार) असलेल्या 800हून अधिक स्त्रियांच्या चाचणीतही तेच आढळले. कमतरता भरून काढायलाच हवी, हाडांसाठी आणि होणाऱ्या बाळासाठीही. पण सगळी आशा एका पुडीवर कशी टांगायची?

आणि ऊन तरी तिने कुठून आणायचे? महापेच्या ऑफिसात ती दिवसभर काचेशेजारी बसते, पण ज्या किरणांनी त्वचेत ड तयार होते ते काचेतून येत नाहीत. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हातही ते फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ते ऊन कामाचे. नेमके तेव्हाच आमच्या घराजवळच्या उद्यानाला कुलूप असते. पालिकेने निदान एक फाटक दुपारी उघडे ठेवावे.

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, की बाईचे 'ड' लिहून देताना त्याच कागदावर नवऱ्याची तपासणीही लिहावी. पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून दोघांनीही तपासून घ्यावे, असे वैद्यकशास्त्रच सांगते. भाचीच्या कालनिर्णयावर आता येत्या गुरुवारी गोल आहे. त्या दिवशी दोघे मिळून डॉक्टरांकडे जाणार आहेत.

आपली,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई